खडकाभोवतीचं घर

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून, असं जुनी माणसं सांगून गेली आहेत. बिळोबाने दोन्ही करून पाहिलं होतं. त्यातलं घर तेवढं अजून शाबूत होतं.

आणि काय घर! वरच्या रस्त्याने जाणाऱ्याला ते दिसायचंच नाही. छपरावर गवत, गवतात रानफुलं, आणि एक आखूड धुराडं. ते बघून लोकांना वाटायचं, कुणीतरी झाड तोडलं आणि बुंधा तसाच ठेवला. भिंती जागेवरच खणलेल्या मातीच्या, ठोकून ठोकून पक्क्या केलेल्या, त्यामुळे उताराचा जो रंग तोच भिंतींचा. पुढची मोठी काच किंचित खाली कललेली. तिच्यात आभाळ दिसत नाही, म्हणून पाखरं येऊन आपटत नाहीत. आणि घराच्या पोटात, बरोबर मधोमध, एक खडक. हत्तीएवढा म्हणावं, तर हत्तीलाच कमीपणा यायचा.

दुसऱ्या कुणी तो खडक सुरुंग लावून उडवला असता. बिळोबाने घरच त्याच्याभोवती वळवलं. अलीकडे स्वयंपाकघर, पलीकडे त्याची कामाची खोली, आणि मधून खडकाला बिलगून जाणारी वाकडी वाट, तिच्यावर छपरातून सोडलेला उजेड. खडकाच्या अंगात ओल असायची, त्या ओलीवर शेवाळ धरायचं, आणि बाळाचा पहिला दात दाखवावा तसं बिळोबा ते आल्यागेल्याला दाखवायचा.

या घराला मोठं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी लिहिलं होतं की या घराने निसर्गाची क्षमा मागितली आहे. बायकोने ते वाचलं आणि म्हणाली, "आणि माझी कधी मागणार आहे?" जमलेले सगळे खो खो हसले. बिळोबाही हसला. त्याला वाटलं, विनोद आहे.

बिळोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. माणूस वास्तुकार, चांगला नावाजलेला. पण उताराखालच्या वस्तीने त्या घराला बीळ म्हणायला सुरुवात केली, मग बिळात राहतो तो बिळोबा. कानावर आलं तेव्हा त्याला राग यायच्या ऐवजी गुदगुल्याच झाल्या. घर बिळासारखं वाटतं म्हणजे जमलं की आपल्याला, असं त्याचं गणित.

तर अशा या घरातून बायको निघून गेली.

गेली म्हणजे वर नव्हे हो, ताईकडे. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. ती तिकडे शहरात, विटांच्या चौकोनी इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहायची. तसल्या इमारतींना बिळोबा आपल्या भाषणांत 'खोकी' म्हणायचा आणि टाळ्या मिळवायचा. आता त्याची बायको स्वखुशीने एका खोक्यात जाऊन राहिली. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, ती अशी.

बरं, भांडण झालं म्हणावं तर तेही नाही. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. एका सकाळी तिने बॅग भरली, त्याचा चहा झाकून ठेवला, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मला या घरात एकटं वाटतं. थोडे दिवस ताईकडे जाऊन येते." थोड्या दिवसांचे महिने झाले. ती आली नाही.

आता तिचं वाक्य नीट बघा. मला या घरात एकटं वाटतं. तुमच्या-आमच्यासारख्या साध्या माणसाने त्यातला 'एकटं' हा शब्द उचलला असता. बिळोबाने उचलले ते 'या घरात' हे दोन. त्याचाही नाइलाज होता म्हणा. उभा जन्म लोक त्याच्याकडे येऊन हेच सांगत आले होते, की या खोलीत कोंदट वाटतं, त्या जिन्यावर भीती वाटते. मग तो खोली बदलून द्यायचा, जिना बदलून द्यायचा, आणि लोकांना खरंच बरं वाटायचं. गिऱ्हाइकाला काय वाटतं ते घरात शोधायचं, एवढी एकच विद्या त्याला येत होती.

तेव्हा तो कामाला लागला. आधी खिडक्यांना बारीक जाळ्या बसवल्या, कारण बायको एकदा गोम बघून खुर्चीवर चढली होती. मग वाकड्या वाटेत दिवे वाढवले. मग छातीवर धोंडा ठेवून मातीच्या भिंतीला एक भोक पाडलं आणि रस्त्याच्या बाजूला खिडकी काढली, का तर बायकोला जरा माणसं दिसावीत. त्या खिडकीने बक्षीस मिळालेल्या घराचा चेहरा बिघडला. रात्री तिच्यातला उजेड बघून वस्तीतली माणसं म्हणाली, बिळाला डोळा फुटला! आणि शेवटी त्याने कपडे वाळत घालायची दोरी बांधली. ही म्हणजे कमालच होती. घर नवं होतं तेव्हा बायकोने दोरी बांधली होती, आणि समोरच्या टेकडीवरून ती दिसते म्हणून यानेच ती सोडायला लावली होती. तेव्हापासून बिचारी न्हाणीघरात कपडे वाळवायची आणि कुबट वास येतो म्हणून कुरकुरायची. आता दोरी आली, रंगीबेरंगी चिमटे आले. वाळत घालायला मात्र याचे दोन सदरे.

लेकीचा फोन यायचा. लेक दूर परगावी, नोकरी आणि पोरं सांभाळून आईबापांची डागडुजी करणारी.

"बाबा, आईशी बोललात का?"

"जाळ्या बसल्या की बोलतो."

"जाळ्या?"

"गोम येते गं."

लेक कपाळाला हात लावायची. तो फोनमध्ये दिसत नसला तरी कळायचा.

दिवस जाता जात नव्हते. खोटं कशाला सांगा, बिळोबाचे हाल चालले होते. उभ्या उभ्या पाव खायचा, तोही कधी करपलेला. फोनवर चुकीचा नंबर लागला तरी समोरच्याला सोडायचा नाही, तुम्ही कुठले, तिकडे थंडी कशी आहे, असं विचारत बसायचा. पूर्वी घर बघायला विद्यार्थी यायचे, तेही यायचे थांबले होते, नवीन कुणाचं तरी नवीन घर निघालं होतं. जे घर बाहेरून कुणाला दिसत नाही त्यात आपण आजारी पडलो तर कळणार कुणाला, असा विचार त्याच्या मनात यायला लागला, आणि तसा विचार आला की तो उठून रस्त्याच्या खिडकीशी जाऊन उभा राहायचा. बायकोसाठी काढलेली खिडकी, पण वापर सगळा त्याचाच होता.

मग लेकीनेच जमवून आणलं. म्हणाली, "आई रविवारी येतेय. राहायला नाही हं, बघायला. तुम्ही काय काय केलंय ते मी तिला सांगितलं. आवडलं तर येईनही परत, असं म्हणाली. बाबा, हे हातचं घालवू नका."

बिळोबाने घर असं घासलं की खडकसुद्धा पुसून काढला.

रविवारी ती बसमधून उतरली. अंगात पिवळा स्वेटर, हातात पिशवी. खिडकीतून तिला बघितल्यावर त्याला दारापर्यंत जायलाही वेळ लागला. ती उतारावरून एका पायावर जरा जास्त भार देत आली.

"पाय दुखतोय का गं अजून?"

"थंडीत ठणकतो."

"तरी मी म्हटलं होतं, चपला बदल."

ती त्याच्याकडे बघून हसली. "आत तर येऊ द्या."

त्याने तिला घर दाखवलं. आपल्याच बायकोला आपलंच घर, आणि तेसुद्धा गिऱ्हाइकाला दाखवावं तसं, पुढे पुढे चालत, हात करून करून. ही जाळी बघ, हवा येते, किडा येत नाही. हे दिवे बघ, डोळ्यावर येत नाहीत. तीही गिऱ्हाइकासारखीच वागली. प्रत्येक ठिकाणी थांबायची, हात लावून बघायची, "छान केलंय" म्हणायची. तिच्या या 'छान केलंय'ने त्याचा जीव कासावीस झाला. पूर्वी ती 'हे काय भलतंच!' म्हणायची, ते परवडलं होतं.

"आणि ही खिडकी," तो म्हणाला. "इथून रस्ता दिसतो. माणसं दिसतात. बसथांबासुद्धा दिसतो."

तिने वाकून बघितलं. "बरं झालं. म्हणजे जाताना बस चुकायची नाही."

तो हसला, पण जरा उशिराने.

दोरीपाशी मात्र ती थांबली. दोन्ही हातांनी दोरी ताणून बघितली, एक लाल चिमटा काढला, परत लावला. "चांगली घट्ट बांधलीय," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज घरचा वाटला. "मेल्या एवढ्याशा दोरीसाठी मी तुमच्याशी चार दिवस बोलले नव्हते. आठवतंय?"

"हो तर," तो म्हणाला. त्याला आठवत नव्हतं. ती चार दिवस बोलली नव्हती हे त्याला आजच कळत होतं.

मग ते स्वयंपाकघरात बसले. चहा त्याने केला. ती आपल्याच स्वयंपाकघरात पाहुण्यासारखी, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ते बघून त्याचा धीर सुटला. त्याने कप बाजूला सारला.

"अगं, तू सरळ सांग. अजून काय खटकतंय? काहीही असू दे. मी तोडायला लागलं तर तोडतो, पाडायला लागलं तर पाडतो. मला फक्त सांग कुठे चुकलंय ते. तू नाहीस तर मला इथे करमत नाही गं. जेवण जात नाही."

हे बोलायला त्याला किती जड गेलं असेल ते त्याचं त्यालाच ठाऊक. तिचे डोळे भरून आले. तिने पिशवी खाली ठेवली.

"सांगते. पण ऐकून घ्या. मधेच उठून टेप आणायची नाही मोजायला."

"नाही आणत."

"मागच्या थंडीत मी त्या स्टुलावरून पडले. वरच्या फळीवरचा डबा काढत होते. तिथे, सिंकच्या पुढे. पाय असा मुडपला आणि मला उठताच येईना. तुम्ही आत काम करत होता. मी हाक मारली, अहो! मग परत मारली. मग मोठ्याने मारली. तुम्ही काही आला नाहीत. शेवटी सिंकला धरून माझी मीच उठले."

बिळोबाचा चेहरा पडला. "आणि मग?"

"मग काय? सूप केलं. तुम्ही जेवायला आलात. म्हणालात, मीठ कमी आहे."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणारच होते. आधी तुम्ही विचाराल म्हणून थांबले. मी आठवडाभर लंगडत होते घरातून. तुम्ही विचारलंत एकदा. म्हणालात, चपला बदल."

आता इथे एखादा नवरा रडला असता, एखाद्याने पाय धरले असते. बिळोबा ताडकन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण खरं सांगायचं तर आनंदही होता. इतके महिने जो दोष सापडत नव्हता तो सापडला होता!

"खडक!" तो म्हणाला.

"काय?"

"अगं, खडक! हा मधोमध आडवा बसलाय ना! एवढी दगडाची छाती, वर गवताचं छप्पर, भिंती मातीच्या. आवाज सगळा पिऊन टाकत असणार. उजेडाचा विचार केला मी, वाऱ्याचा केला, पाण्याचा केला, पाखरांचासुद्धा केला. आवाज डोक्यातच आला नाही माझ्या! तुझी हाक पलीकडे पोचलीच नाही." तो फोन शोधायला लागला. "फोडून टाकतो. उद्याच माणसं बोलावतो."

"अहो, बसा खाली."

"नाही, नाही. बक्षीस गेलं खड्ड्यात. हा धोंडा तुझ्यापेक्षा मोठा आहे का मला?"

घरासाठी जीव टाकणाऱ्या या माणसाच्या तोंडून हे ऐकून तिला क्षणभर बरं वाटलं असणार. नाही वाटलं असं कसं म्हणावं? पण ती म्हणाली, "खडकाने काही केलेलं नाही."

"ते तुला कसं कळणार? हे शास्त्र आहे. थांब, आपण करूनच बघू. तू जा आत. माझ्या खुर्चीत बस. नुसती कान टवकारून बसू नकोस हं, ती लबाडी झाली. पेन्सिल घे आणि मन लावून काहीतरी काढ. मी इथून हाक मारतो."

"काय पोरखेळ आहे हा?"

"माझ्यासाठी. एकदाच."

ती उठली. पाठमोरी जाताना तिने मान हलवली, पण गेली. वाटेवरून तिची पावलं गेली, आतलं दार लागलं, खुर्ची करकरली. हे सगळं बिळोबाला ऐकू आलं. पण तो इतका घाईत होता की आपल्याला ऐकू आलं हेच त्याच्या लक्षात आलं नाही.

ती पडली होती तिथे तो गेला. प्रयोग करायचा तर नीट, असं म्हणून सिंकच्या पुढे खाली आडवा झाला. फरशी बर्फासारखी गार होती. फरशीखालचा दगड उन्हाळ्यात गारवा देतो, असं त्यानेच कितीतरी जणांना सांगितलं होतं. थंडीत त्याच्यावर पडून राहिल्यावर काय होतं ते कुणी विचारलं नव्हतं. खालून सिंकच्या नळ्या दिसत होत्या, एक जळमट दिसत होतं, आणि फळीवरचा डबा फार उंच दिसत होता.

त्याने छातीत हवा भरली आणि हाक मारली. "अगं!"

"ओ!"

बाजूलाच उभी असल्यासारखी. हाक पुरती संपायच्या आत ओ आली. त्याला वाटलं, दार उघडं राहिलं असेल.

"दार लाव की नीट!"

"लावलंय!"

मग त्याने आवाज उतरवला. जेवताना समोरच्याला म्हणावं इतक्याच आवाजात म्हणाला, "अगं."

"ओ."

मग त्याने काहीच म्हटलं नाही. नुसता पडून राहिला. त्याचा त्यालाच एक लांब श्वास सुटला, आत कुठेतरी अडकत अडकत आलेला.

"काय झालं हो?" पलीकडून ती म्हणाली.

भिंतींना कान असतात म्हणतात. या घरात भिंतींनाच होते.

ती वाकडी वाट त्यानेच काढली होती ना, खडकाच्या अंगाअंगाने, गुळगुळीत लिंपून. तिच्यातून आवाज पन्हाळीतून पाणी यावं तसा इकडून तिकडे जात होता. घर बिचारं इतकी वर्षं इमानेइतबारे तिची प्रत्येक हाक त्याच्या टेबलापर्यंत पोचवत आलं होतं. त्याच्या कानापर्यंत नेऊन ठेवत होतं. पुढचं घराच्या हातात नव्हतं.

त्याने तो दिवस आठवून बघितला. जिवापाड आठवून बघितला. मागच्या थंडीत त्या दिवसांत तो कशावर काम करत होता ते त्याला लख्ख आठवलं. एका गिऱ्हाइकाच्या अंगणात जुनं झाड होतं, ते वाचावं म्हणून भिंत कशी वळवायची ते तो काढत होता. त्या भिंतीचं वळण आठवलं. झाडाच्या फांद्या आठवल्या. हाक काही आठवेना. ऐकू आली आणि दुर्लक्ष केलं, असंही नव्हतं. तसं असतं तर निदान गुन्हा तरी कबूल करता आला असता. ती हाक त्याच्या कानावरून ओढ्याच्या आवाजासारखी गेली होती, रोजची, असायचीच म्हणून असलेली.

वाटेवरून तिची पावलं आली. एक जड, एक हलकं. ती त्याला तसा आडवा बघून थबकली, मग भिंतीला धरत धरत त्याच्याशेजारी खाली बसली.

"मांजर काढत होते," ती म्हणाली. "शेपटी राहिली."

"ऐकू येतं," तो म्हणाला.

"येतं हो."

"तुला माहीत होतं?"

"मी इथे राहिलेय ना. तुम्ही तिकडे पेन्सिलीला टोक करायचा, तेसुद्धा मला इथे ऐकू यायचं. त्यावरून तर मी चहा ठेवायची." ती हसली. "अंगण वाकडं नव्हतं हो. नाचता येत नव्हतं."

"मग मला तेव्हाच बोलायचंस की. भांडायचंस."

"बोलले की. मला एकटं वाटतं म्हणाले. तुम्ही जाळ्या लावल्या."

बिळोबाने डोळ्यांवर हात आडवा घेतला. हाताखालून पाणी येऊन कानात उतरलं, ते त्याने पुसलं नाही. ती त्याच्या छातीवर हात ठेवून बसली. वर छपरावर कुठलंसं पाखरू गवतात खुडबुडत होतं, त्याच्या नखांचासुद्धा आवाज येत होता.

"ताईकडे असं काय आहे गं?" त्याने शेवटी विचारलं. "खोकं तर आहे ते."

"खोकंच आहे. खिडकीतून समोरच्यांची मोरी दिसते. आणि ताईला एका कानाने ऐकू येत नाही, तुम्हाला माहीतच आहे. पण दिवसभर आपलं 'ओ! ओ!' चाललेलं असतं तिचं. मी हाकसुद्धा मारलेली नसते. बाहेर कुणी कुत्र्याला हाका मारतं, तर ही आतून ओरडते, 'ओ, आले गं!' आणि येते धावत. मग मी म्हणते, 'अगं, मी नव्हते.' तर म्हणते, 'मग आता आलेच आहे तर काहीतरी सांग.'"

ती सांगता सांगता हसत होती. तोही हसला. हसताना त्याला समजलं की आपण या बहिरीशी स्पर्धा करतोय, आणि ती केव्हाच पुढे गेलीय.

संध्याकाळी तो तिला बसथांब्यावर सोडायला गेला. पिशवी त्याने घेतली होती. उतारावर तिच्या पायाच्या चालीने तो चालला, एकदाही पुढे गेला नाही. दोन-तीनदा तो बोलायला गेला आणि थांबला, आपण बोलायला लागलो तर तिचं काही ऐकायचं राहून जाईल या भीतीने. पण तीही काही बोलत नव्हती.

थांब्यावर ही गर्दी! रविवारची परतीची माणसं, रडणारी पोरं, कुणीतरी मोबाइलवर गाणी लावलेली. बस आली ती धडधडत, इंजिन चालू ठेवूनच उभी राहिली. मागच्या मोटारी भोंगे वाजवायला लागल्या. लोक दाराशी घुसले.

तिने त्याच्या हातातून पिशवी घेतली. मग त्याच्या स्वेटरवर माती लागली होती, फरशीवर झोपला होता त्याची, ती तिने झटकली.

"येशील ना?" त्याने विचारलं.

तिने आवाज चढवला नाही. घरात बोलायची तशीच बोलली, हळू. "तुम्ही आता ऐकाल. मला माहीत आहे. उद्यापासून प्रत्येक हाकेला धावत याल. आणि मी तुमच्याकडे बघत बसेन, आज ओ देतात का, उद्या देतात का, पुढच्या थंडीत देतात का. घराला नंबर द्यायला माणसं येत होती ना, तशी. माझ्याने नाही व्हायचं ते. मी तिकडेच राहते. तुम्हाला भेटायला येत जाईन, दोरीवर चार कपडे वाळत घालून जाईन. पण राहायला नाही यायची."

इंजिन घरघरत होतं. कुणीतरी पोराला हाका मारत होतं, भोंगे वाजत होते. 'काय म्हणालीस?' असं विचारायची बिळोबाला जन्माची सवय होती. बायको काही बोलली की आधी तेच तोंडात यायचं, मग ती परत सांगायची, आणि तेवढ्यात याचं कागदावरचं काम संपायचं. आत्ताही विचारता आलं असतं. एवढ्या कोलाहलात ते कुणालाही खरं वाटलं असतं, तिलासुद्धा. आणि कदाचित दुसऱ्यांदा सांगताना तिचं मन बदललंही असतं.

कंडक्टरने दार वाजवलं. ती पायरीवर चढली आणि वळली.

"ऐकू आलं ना हो?"

"आलं," तो म्हणाला. "सगळं आलं."